मीठ, वाळू, नवसागर, लोखंड वेगळं केलं, पण वजनं जुळत नाहीत. कुठे चुकतंय?

गोदाकाठची_प्रयोगवही

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांकडून मिश्रण वेगळं करण्याचा प्रयोग बसवून घेतेय. नुसतं करून दाखवायचं नाही, आधीची आणि नंतरची वजनं तक्त्यात मांडायची आहेत. तिथेच घोडं अडलंय.

घेतलं: लोखंडाचा कीस, नवसागर (अमोनियम क्लोराइड), वाळू, मीठ, प्रत्येकी ५ ग्रॅम. काटा ०.०१ ग्रॅमचा.
मिळालं: लोखंड ६.१, नवसागर २.९, वाळू ५.८, मीठ ५.६. बेरीज २०.४.

पद्धत पुस्तकातलीच. सगळं खलात एकत्र केलं, चुंबक फिरवून लोखंड काढलं, उरलेलं बाष्पनपात्रात घेऊन वर उलटं नरसाळं ठेवून तापवलं आणि नवसागर उडवला, बाकीचं २५ मिली पाण्यात ढवळून गाळलं, गाळणकागदावरची वाळू उन्हात वाळवली, खालचं पाणी आटवून मीठ काढलं. वाळू गोदावरीची, कीस अंबडच्या एका वर्कशॉपमधून, मीठ घरातलं.

बेरीज जवळपास जुळतेय, मग वेगवेगळी वजनं एवढी का हलतात? की ४ टक्के, ५ टक्के फरक चालतो?

दुसरं, शेजारच्या टेबलावर गोदावरीचं गढूळ पाणी स्वच्छ करून दाखवायचंय. दोनदा गाळणकागदातून काढलं तरी पाणी चहाच्या रंगाचंच. त्याचं काय करावं?

---

लॅब_असिस्टंट_नाशिकरोड

ताई, २०.४ ही बेरीज तुम्हाला दिलासा देतेय, पण खरी गोम तिच्यातच आहे. २० ग्रॅम घालून २०.४ निघाले म्हणजे बाहेरून काहीतरी आत आलंय. बाहेरून येण्यासारख्या मुख्य गोष्टी दोन: ओलावा, आणि लोखंडाला गंज चढला असेल तर हवेतला ऑक्सिजन. शिवाय नवसागराचा काही भाग धूर होऊन नक्की गेलाय, म्हणजे आत आलेलं ०.४ पेक्षाही जास्तच. एकाची तूट दुसऱ्याच्या वाढीत बुडाली म्हणून बेरीज शहाण्यासारखी दिसते. आणि फरक ४-५ टक्के नाहीये. लोखंडात २२ टक्के जास्त, नवसागरात ४२ टक्के कमी. एकेक घेऊ.

लोखंड ६.१. खलात सगळं घोटलंत ना, तिथून सुरुवात झाली. मिठाची आणि नवसागराची बारीक पूड किसाच्या काट्याकुट्यांत अडकते आणि चुंबकाला लोखंडाबरोबर लोंबकळत येते. मिश्रण घोटायचं नाही, कागदावर घेऊन कागदाचे कोपरे आलटून पालटून उचलत हलवायचं.

चुंबकाला पातळ पॉलिथिनची पिशवी घट्ट गुंडाळा. मिश्रण मोठ्या पांढऱ्या कागदावर एका दाण्याच्या जाडीचं पसरा. चुंबक मिश्रणात बुडवायचा नाही, अर्धा सेंटिमीटर वरून फिरवायचा, म्हणजे किसाला उडी मारून वर यावं लागतं आणि पांढरी पूड वाटेतच गळते. मग दुसऱ्या कागदावर नेऊन पिशवी धरून ठेवायची आणि आतला चुंबक उपसून घ्यायचा. कीस आपोआप खाली पडतो, नखाने खरवडावा लागत नाही. हा पडलेला कीस पुन्हा पसरायचा, पुन्हा उचलायचा. तिसऱ्या फेरीनंतर खालच्या कागदावर पांढरं काही दिसलं नाही की थांबा. प्रत्येक फेरीत कागदावर उरलेली पूड मूळ मिश्रणात परत टाकायला विसरू नका, नाहीतर मीठ आणि नवसागर तिथेच कमी होतात.

नवसागर २.९. इथे दोन गळत्या आहेत. लोखंड काढल्यावर १५ ग्रॅम मिश्रण एका बाष्पनपात्रात म्हणजे जाड थर. तळचा नवसागर तापून वाफ होतो आणि वरच्या थंड वाळूत जाऊन पुन्हा घट्ट होतो. नरसाळ्यापर्यंत पोचतच नाही. वरून पाहणाऱ्याला वाटतं, धूर थांबला, झालं काम. तो उरलेला नवसागर पुढे पाण्यात विरघळला, मिठाबरोबर खाली उतरला आणि तुमच्या ५.६ मध्ये बसला. उरलेली तूट नरसाळ्याच्या नळीतून हवेत गेली.

उपाय: प्रत्येक पदार्थ ५ ऐवजी २ ग्रॅम घ्या. ०.०१ च्या काट्यावर २ ग्रॅममध्ये अर्ध्या टक्क्याची चूक, ती चालते. थर ५ मिलिमीटरपेक्षा जाड नको. नरसाळ्याचं तोंड पात्राच्या कडेच्या किंचित आत बसेल असं घ्या, ७-८ सेंटिमीटरचं पुरतं. नळीत कापसाचा बोळा सैलसर. दाबून भरला तर वाफ नरसाळ्याच्या कडेखालून निसटते, नसलाच तर नळीतून. नरसाळ्यावर ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळा, पण पाणी टपकेल इतकी ओली नको. तापलेल्या चिनी मातीच्या पात्रावर एक थेंब पडला की तडा गेलाच.

आच मंद. नवसागर ३४० अंशांच्या आसपास उडतो, त्यामुळे स्पिरिटच्या दिव्यावर वेळ फार जातो, गॅसचा बर्नर बरा. पहिली दोन-तीन मिनिटं नरसाळ्याच्या आत पाण्याचे थेंब दिसतील. तो मिश्रणातला ओलावा. नरसाळं उचलून कोरड्या फडक्याने पुसा आणि परत ठेवा, नाहीतर पांढरा थर त्या पाण्यात विरघळून खाली ओघळतो.

आणि खरवडलेला नवसागर मोजू नका. कोरडं नरसाळं बोळ्यासकट आधी मोजा, थर बसल्यावर पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा बोळ्यासकट मोजा. काचेला चिकटलेली आणि चमच्याला लागलेली पूडच बऱ्याचदा दोन-तीन दशांश ग्रॅम असते.

वाळू ५.८. ही धुतलीच नाही असं दिसतंय. २५ मिलीत ५ ग्रॅम मीठ, म्हणजे दर मिलीला ०.२ ग्रॅम. ओल्या वाळूत आणि कागदात मिळून २ मिली द्राव अडकून राहतो असं धरा, म्हणजे ०.४ ग्रॅम मीठ वाळूच्या खात्यात. ५-५ मिलीने तीनदा धुवा. दर वेळी अडकलेलं मीठ दोन सप्तमांश उरतं: ०.४ चं ०.११, मग ०.०३, मग ०.०१. तेच १५ मिली एकदम ओतलं तर ०.०५ उरतं. पाणी तेवढंच, राहिलेलं मीठ पाचपट. हे गणित तक्त्याशेजारी लावा, परीक्षक तिथे हमखास थांबतील.

धुणं पुरं झालं का हे बघायला नळीतून येणारा शेवटचा थेंब काचपट्टीवर घेऊन आटवा. पांढरा डाग उरला तर अजून एक पाणी. चव घेऊन बघायचं नाही, मुलांना हे दोनदा सांगा.

कागदाचं वजन वजा केलंय ना? १२.५ सेंटिमीटरचा साधा गाळणकागद एक ग्रॅमच्या वर भरतो. आणि उन्हात वाळवलेला कागद वाळलेला दिसतो, पण नसतो. ओव्हन असेल तर १०५ ते ११० अंशांना तासभर, गार करून मोजा, पुन्हा अर्धा तास, पुन्हा मोजा. दोन वजनं ०.०१ च्या आत आली की खरं वजन.

मीठ ५.६. यात उरलेला नवसागर आहे आणि ओलावा आहे. खरं तर वाळूत अडकलेलं आणि आटवताना तडतडून उडालेलं मीठ धरलं तर तुमचं मीठ ५ च्या खाली यायला हवं होतं. नवसागर राहिलाय का हे बघायची सोपी खूण: मिळालेल्या मिठात चिमूटभर पानाचा चुना आणि दोन थेंब पाणी घालून परीक्षानळीत कोमट करा. नाकात झिणझिण्या आणणारा अमोनियाचा वास आला की समजा आहे. नळी नाकाखाली धरायची नाही, हाताने वास आपल्याकडे ओढून घ्यायचा.

---

अंबड_लेथ

किसाबद्दल. वर्कशॉपमधला चुरा तसाच वापरला तर दोन भानगडी होतात. एक, त्यावर कटिंग ऑइल किंवा कूलंट असतं, त्यामुळे मीठ त्याला चिकटूनच बसतं. दुसरं, त्याच मशीनवर स्टेनलेसचं काम झालं असेल तर त्यात ३०४ प्रतीच्या स्टेनलेसचा चुरा मिसळलेला असतो आणि तो चुंबकाला फारशी दाद देत नाही. तो मागे राहून शेवटी वाळूत मोजला जातो.

भांडी घासायच्या लिक्विडने गरम पाण्यात दोनदा धुवा, साध्या पाण्याने धुवा, लगेच तव्यावर मंद आचेवर कोरडा करा. ओला ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत तांबूस झालेला असेल. मग चुंबकाने उचलून जो येईल तोच घ्या, मागे राहील तो फेका. लांब वळ्यांचा चुरा नको, ग्राइंडिंगची भुकटीही नको. भुकटीत चाकाचे दगडी कण असतात आणि बराचसा भाग जळून ऑक्साइड झालेला असतो. माइल्ड स्टीलचा तुकडा कानशीने घासून २ ग्रॅम काढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, सगळ्यांत स्वच्छ तोच.

---

काळा_पाषाण

लोखंडाच्या ६.१ चं एक कारण अजून कोणी सांगितलं नाही, आणि ते आपल्या नाशिकचंच आहे.

गोदावरीची वाळू म्हणजे समुद्रकाठची पांढरी गारगोटीची वाळू नव्हे. आपल्याकडे बेसाल्ट, काळा पाषाण. तो झिजून जी वाळू होते तिच्यात मॅग्नेटाइटचे काळे चमकदार कण असतात आणि ते चुंबकाला लोखंडासारखेच चिकटतात. विश्वास बसत नसेल तर मूठभर वाळू कोरडी करून त्यातून नुसता चुंबक फिरवा. काळी दाढी उगवलेली दिसेल.

म्हणून वाळू वापरण्याआधी तिचीच शुद्धी करायची: धुवा (वरचं पाणी नितळ येईपर्यंत, सात-आठ पाणी लागतात), कोरडी करा, चुंबक फिरवून काळं काढून टाका, मग चहाच्या गाळणीतून चाळून मधल्या आकाराची घ्या. धुतली नाही तर चिकणमातीचे कण गाळणकागदाची भोकं बुजवतात आणि अर्धा तास थेंब पडत नाही. आपल्या वाळूत चुनखडीचे पांढरट कणही असतात. आम्ल वापरणार असाल तर त्यांचा फेस येईल.

तसं बघितलं तर हा काळा कणच टेबलावर मांडण्यासारखा आहे. वेगळ्या काचपट्टीवर किसाशेजारी ठेवा, भिंगातून दाखवा. किसाचे कण करडे, वाकडेतिकडे. मॅग्नेटाइटचे काळे, झिजून गुळगुळीत, मधूनच आरशासारखे चमकणारे.

---

कापूरवाला

नवसागर कशाला घेता, कापूर घ्या. सगळीकडे मिळतो, स्पिरिटच्या दिव्यावर पटकन उडतो, पाण्यात विरघळत नाही, म्हणजे थोडा राहिला तरी मिठात जात नाही.

---

लॅब_असिस्टंट_नाशिकरोड

@कापूरवाला शेवटचा मुद्दा चांगला आहे. लिटरभर पाण्यात कसाबसा ग्रॅमभर विरघळतो, त्यामुळे मीठ खरंच स्वच्छ मिळतं. पण वजनाच्या प्रयोगात कापूर दगा देतो. तो उघड्यावर आपोआप उडत राहतो. सकाळी मोजलेले २ ग्रॅम दुपारपर्यंत २ ग्रॅम राहत नाहीत, मिश्रण झाकणाच्या डबीत ठेवावं लागतं. दुसरं, कापूर पेट घेतो. नववीची मुलं, उघडी ज्योत, वर कापराची वाफ, हे समीकरण प्रदर्शनात नको. घ्यायचाच तर वाळूच्या थाळीवर किंवा हॉटप्लेटवर तापवा, ज्योत लांब. आणि पूजेच्या वड्यांत मेणासारखं काही मिसळलेलं असू शकतं. एक वडी स्टीलच्या चमच्यात जाळा, मागे डाग उरला तर ती प्रयोगाला घेऊ नका.

नवसागराला ज्योतीची भीती नाही, पण वाफ नाकाडोळ्यांत जाते. खिडकीपाशी करा, गॉगल घाला. रविवार कारंजा, मेनरोड भागात काष्ठौषधीवाल्यांकडे मिळणारा नवसागर मळकट असेल तर आधी गरम पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून त्याचे स्फटिक काढून घ्या. १०० मिली पाण्यात उकळीला ७७ ग्रॅम मावतो, २० अंशांना ३७. म्हणजे निम्म्याच्या आसपास गार झाल्यावर खाली बसतो.

---

तांबट_आळी

एक भर घालतो. भांड्याला कल्हई करताना तापलेल्या तांब्यावर नवसागराची चिमूट टाकली की जो पांढरा लोट उठतो, तोच हा धूर. मुलांना हे सांगितलं की लगेच ध्यानात येतं. फक्त ‘नवसागराची वाफ होते’ एवढ्यावर थांबू नका. तापल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात, आणि गार जागी ते पुन्हा जुळून नवसागर बनतो. तांब्यावरची काळी पुटं निघतात ती या तापलेल्या वायूच्या आम्लपणामुळे.

त्यामुळेच लोखंड आधी काढणं सक्तीचं. किसासकट तापवला तर तो वायू लोखंडाला खातो आणि नरसाळ्यात पांढऱ्याऐवजी पिवळट-तपकिरी थर बसतो. ताई, तुमचा थर पांढराशुभ्र होता की पिवळसर? पिवळसर असेल तर चुंबकाची फेरी अपुरी पडली असं समजा. याच कारणाने पात्रावर अॅल्युमिनियमची फॉइल लावू नका, तीही खाल्ली जाते.

---

गोदाकाठची_प्रयोगवही

पिवळसर होता, कडेला. आणि वाळूतून चुंबक फिरवला तर खरंच काळी दाढी! ५ ग्रॅम वाळूतून ०.२६ ग्रॅम निघालं.

मीठ आटवताना तडतड फार होते. आणि गरम पाण्यात विरघळवलं तर मीठ लवकर मिळेल का? मग गार करून स्फटिकच काढता येतील.

---

लॅब_असिस्टंट_नाशिकरोड

गार करून मिठाचे स्फटिक काढायचा नाद सोडा. मिठाला गरम-गार सगळं सारखंच. १०० मिली पाण्यात २० अंशांना ३६ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात ३९. उकळतं संपृक्त द्रावण गार केलंत तर १०० मिलीमागे ३ ग्रॅम खाली बसेल, बाकी सगळं पाण्यातच. म्हणून मिठाला बाष्पीभवन. गरम पाण्याने विरघळण्याचा वेग वाढतो, एवढाच फायदा. 

तडतडीचं कारण दोन भागांत आहे. पाणी संपत आलं की खिरीसारखा दाट लगदा होतो, त्याखाली वाफेचे बुडबुडे अडकतात आणि फुटताना मीठ उडवतात. नंतर कोरड्या दिसणाऱ्या स्फटिकांच्या पोटात कोंडलेलं पाणी तापून ते फोडतं. त्यामुळे पाव भाग पाणी उरलं की ज्योत काढा आणि बाष्पनपात्र उकळत्या पाण्याच्या चंचुपात्रावर ठेवा. वाफेवर १०० च्या वर तापतच नाही, उडत नाही. वेळ लागतो, अर्धा-पाऊण तास धरा. शेवटी ओव्हनमध्ये ११० अंश.

पात्र काट्यावर गरम ठेवू नका. गरम पात्राभोवतीची हवा वर चढते, पात्राला थोडं उचलून धरते, वजन कमी दिसतं आणि आकडा सारखा पळत राहतो. पावसाळ्यात तर उलटा घोळ: हवेत ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की मीठ पाणी ओढतं, खड्याचं मीठ त्याहून आधी, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं. गार व्हायला ठेवताना झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. घरातलं मीठ वापरलं तर द्रावण किंचित धुरकट दिसेल, ते मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेल्या पदार्थामुळे. वजनात फरक नगण्य.

पाणी शक्यतो डिस्टिल्ड. ६०० टीडीएसचं (लिटरमागे ६०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार) बोअरचं पाणी ४० मिली वापरलंत तर ०.०२४ ग्रॅम क्षार तुमच्या मिठात जमा होतात. ०.०१ च्या काट्यावर दिसतात ते.

---

द्राक्षबाग_दिंडोरी

गार करून स्फटिक दाखवायचेच असतील तर मोरचूद (कॉपर सल्फेट) घ्या. बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतो, निळा रंग लांबून दिसतो. २५ मिली डिस्टिल्ड पाणी जवळजवळ उकळतं करून २० ग्रॅम विरघळवा, गरम असतानाच कापसातून गाळा, झाकून ठेवा. गार होईपर्यंत १० ग्रॅमच्या आसपास खाली बसतो. हलवला तर बारीक चुरा, रात्रभर हलवला नाही तर तिरक्या कडांचे मोठे खडे.

बोअरच्या पाण्यात करू नका, फिकट निळा गाळ येऊन गढूळ होतं. तसं झालंच तर पातळ सल्फ्युरिक आम्लाचे दोन थेंब. मोरचुदाचं पाणी लोखंडी भांड्यात घेऊ नका, तांबं बाहेर पडतं. आणि उरलेलं नाल्यात ओतू नका, माशांना विष आहे. आटवून पुढच्या वेळी वापरा.

---

पाणीपुरवठा_निवृत्त

गढूळ पाण्याचा प्रश्न राहूनच गेला.

गाळणकागद बदलून उपयोग नाही. पावसाळ्यात गोदावरीला येणारा रंग काळ्या मातीतल्या चिकणमातीचा. ते कण इतके बारीक की साध्या गाळणकागदाच्या भोकातून सरळ पार होतात. शिवाय प्रत्येक कणावर ऋण प्रभार, त्यामुळे एकमेकांना लोटत राहतात आणि दिवसेंदिवस खाली बसत नाहीत. वाळू बसते, ही बसत नाही. त्यांना एकत्र आणायला तुरटी. तिच्यातल्या अॅल्युमिनियमवर तिप्पट धन प्रभार आहे, तो हे लोटणं मारतो, आणि अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा कापसासारखा गाळ होऊन माती त्यात गुंतते.

खडा फिरवून दाखवू नका. किती विरघळली ते कळत नाही. १ ग्रॅम तुरटी १०० मिली पाण्यात विरघळवा, म्हणजे दर मिलीत १० मिलिग्रॅम. एकसारख्या पाच काचेच्या बरण्या, प्रत्येकीत १ लिटर गढूळ पाणी. त्यांत अनुक्रमे ०, २, ४, ६ आणि १५ मिली द्रावण टाका. मग:

पहिलं एक मिनिट जोरात ढवळा. तुरटी सगळीकडे क्षणात पसरायला हवी.
नंतर १५ मिनिटं अगदी हळू, मिनिटाला वीस-तीस फेरे. इथे घाई केली तर तयार झालेले कापूस फुटतात आणि परत जुळत नाहीत. मुलांचं चुकतं ते इथेच.
मग अर्धा तास हात लावायचा नाही.

२०, ४० आणि ६० मिलिग्रॅमपैकी एक बरणी सगळ्यांत नितळ निघेल. कोणती, ते त्या दिवशीच्या पाण्यावर. १५ मिलीची बरणी पाणी फार गढूळ नसेल तर पुन्हा धुरकट राहू शकते. तुरटी जास्त झाली की कणांवरचा प्रभार उलटतो आणि ते परत लोटायला लागतात, शिवाय पाणी आम्लधर्मी होतं आणि कापूस नीट धरत नाही. जास्त टाकलं की जास्त स्वच्छ, हा समज मोडायला ती बरणी ठेवा. वरचं पाणी रबरी नळीने सायफन करून घ्या, ओतू नका, आणि मग गाळणकागदातून काढा. आता कागद काम करेल.

पाणी नितळ झालं म्हणजे पिण्याजोगं झालं नाही, अशी चिठ्ठी बरणीवर लावा. लहान मुलं टेबलाशी हात घालतात.

---

सिडको_११वी

मधेच विचारतो. आम्ही मिठाच्या पाण्याचं ऊर्ध्वपातन केलं. थर्मामीटर ९८ वरच थांबला, १०० होईच ना. थर्मामीटर खराब की पाणी अशुद्ध?

---

लॅब_असिस्टंट_नाशिकरोड

दोन्ही नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, हवेचा दाब कमी, पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. दर ३०० मीटरला एक अंश धरा. प्रयोगवहीत ९८ लिहा, १०० लिहिलंत तर परीक्षकाला कळेल की बघून लिहिलं नाही.

फक्त थर्मामीटरचा फुगा बाजूच्या नळीच्या तोंडासमोर आहे ना बघा. द्रावणात बुडला असेल तर मिठामुळे आकडा वाढतो, नळीच्या वर असेल तर कमी दाखवतो. संघनकात (वाफ गार करणाऱ्या दुहेरी नळीत) पाणी खालून आत, वरून बाहेर. उलट जोडलं तर बाहेरची नळी पूर्ण भरत नाही आणि वाफ सुटते. चंबूत मडक्याचे, झिलई नसलेले दोन-तीन तुकडे उकळण्याआधी टाका. विसरलात तर आधी गार करा, मग टाका. उकळत्यात टाकले तर सगळं एकदम उसळून संघनकात जातं आणि खारट पाणी पलीकडे मिळतं.

---

गोदाकाठची_प्रयोगवही

२-२ ग्रॅमने पुन्हा केलं. कानशीचा कीस, चुंबक फिरवलेली वाळू, तीन धुणी, मीठ वाफेवर. लोखंड २.०२, नवसागर १.८१, वाळू १.९८, मीठ २.०४. बेरीज ७.८५.

मिठाला चुना लावून बघितला, वास आला. अगदी थोडा.

---

लॅब_असिस्टंट_नाशिकरोड

आता बेरीज ८ च्या खाली आहे, म्हणजे निदान खरी असण्याची शक्यता आहे. तक्ता असाच लावा, आकडे गोल करू नका.

उरलेल्या नवसागरासाठी: नरसाळं काढून वजन झालं की पात्रातलं मिश्रण काचकांडीने उलटंपालटं करा, नरसाळं पुसून परत ठेवा आणि आणखी पाच मिनिटं तापवा. तळचा थर वर आला की राहिलेला उडतो. दोन्ही खेपांची वजनं मिळवून लिहा. कांडीला लागलेली पूड पात्रातच झटका.